शेवटी घेतला जाणारा चार्जर

मरोदा म्हटले की भिलाईकराच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात. पोलाद कारखान्याची तहान भागवणारा जलाशय, १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेली मैत्रीबाग, आणि दुर्गहून दल्ली-राजहराच्या लोहखाणींकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे छोटेखानी स्थानक. या यादीत आता चौथी गोष्ट घालायला हरकत नाही. सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर भिरभिरणारी, विद्यार्थ्यांनी हाताने जोडलेली चिमुकली विमाने आणि चार पंखांची ड्रोन.

याचे कारण भूगोलात आहे. मरोद्यापासून थोड्या किलोमीटरांच्या परिघात तंत्रशिक्षणाची चांगलीच दाटी झाली आहे. नेवईला छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे, दुर्गला १९८६ पासून भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, आणि कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाईचा कायमस्वरूपी परिसर आहे, जो फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाला. कारखान्यातल्या नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून येऊन इथल्या सेक्टरांत स्थिरावलेल्या मराठी घरांतली तिसरी पिढीही याच वर्गांमधून शिकते आहे. आजोबांनी भट्टीसमोर उभे राहून घाम गाळला, नातू खोलीत बसून सोल्डरिंग करतो आहे. त्याच्या टेबलावर चंदेरी वेष्टनातली एक मऊसर, चपटी वडी असते. तिच्यावर ‘३एस, ११.१ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तास’ असे काहीसे छापलेले असते. ही लिथियम पॉलिमर बॅटरी, अर्थात ‘लिपो’.

असे ड्रोन जोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी मोटारी, मग त्यांचा वेग सांभाळणारे नियंत्रक, मग पंखे, मग रिमोट. त्यानंतर बॅटरी. आणि सगळे पैसे संपत आले की उरलेल्या तीन-चारशे रुपयांत जो मिळेल तो चार्जर. हा क्रम उलटा आहे. तो उलटा का आहे, हे समजण्यासाठी बॅटरीच्या पोटात डोकावावे लागते.

मोबाइल वापरणाऱ्या पिढीला एक गैरसमज जन्मापासून चिकटला आहे. भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या ठोकळ्याला ती चार्जर म्हणते. वास्तविक तो केवळ वीजपुरवठा करणारा अडॅप्टर असतो. विजेचा दाब किती ठेवायचा, प्रवाह केव्हा कमी करायचा, केव्हा थांबायचे, हे सारे निर्णय मोबाइलच्या आतले मंडल घेते. शिवाय मोबाइलच्या बॅटरीला स्वतःचे एक संरक्षक मंडल चिकटवलेले असते. दाब मर्यादेपलीकडे गेला, प्रवाह अचानक वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर ते बॅटरीचा संबंध तोडून टाकते. म्हणजे तिथे पहारेकरी एक नाही, दोन आहेत, आणि दोघेही आतच राहतात. वापरणाऱ्याला त्यांची गाठभेट कधी पडत नाही, म्हणून त्यांची किंमतही कळत नाही.

विमानासाठी घेतलेल्या लिपो पॅकमध्ये सहसा असा एकही पहारेकरी नसतो. तो मुद्दामच ठेवलेला नसतो. उडत्या यंत्राला एका दमात पन्नास-साठ अँपिअर प्रवाह हवा असतो, प्रत्येक ग्रॅम वजनाचा हिशेब असतो, आणि हवेत असताना संरक्षक मंडलाने ‘धोका आहे’ म्हणून वीज तोडली तर यंत्र खाली कोसळणार. तेव्हा सेल उघडे ठेवायचे आणि राखणीचे सगळे काम बाहेरच्या चार्जरवर सोपवायचे, अशी या क्षेत्राची रीत पडली. रीत समंजस आहे. पण तिचा अर्थ असा होतो की चार्जर निवडताना विद्यार्थी नकळत बॅटरीचा एकमेव राखणदार नेमत असतो, आणि त्या नेमणुकीसाठी त्याने सर्वांत कमी पैसे बाजूला ठेवलेले असतात.

राखण कशाची करायची? एका आकड्याची. पूर्ण भरलेल्या नेहमीच्या लिपो सेलचा दाब ४.२० व्होल्ट. हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरलेला नाही. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र दाखवला, पुढे अकिरा योशिनो यांनी त्याला कार्बनी ऋणाग्राची जोड दिली, आणि १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासह या दोघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या धनाग्रातून चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन बाहेर पडतात आणि पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ४.२ व्होल्टपर्यंत साधारण निम्मे लिथियम बाहेर आलेले असते. त्याहून अधिक ओढून काढले तर धनाग्राची स्फटिकरचना खिळखिळी होऊ लागते आणि तिच्यातला ऑक्सिजन सुटण्याची तयारी करतो. दुसऱ्या बाजूला ग्राफाइटमध्ये जागा उरत नाही, मग लिथियम धातूच्या रूपाने त्याच्या पृष्ठभागावर साचते. ‘पॉलिमर’ या शब्दाने कुणी फसू नये. नावात पॉलिमर असले तरी रसायन तेच लिथियम-आयनचे, ज्वालाग्राही कार्बनी विद्रावकांचे. फरक मुख्यत्वे वेष्टनाचा. इथे पोलादी नळकांडे नाही, ॲल्युमिनियमचा थर असलेली लवचिक पिशवी आहे.

पिशवी किती नाजूक असते याचा धडा एका बलाढ्य कंपनीला २०१६ मध्ये जगासमोर घ्यावा लागला. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन पेट घेऊ लागला आणि बाजारातून मागे घ्यावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे जाहीर केली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत पिशवीच्या वरच्या कोपऱ्यात पुरेशी जागा नव्हती, त्यामुळे ऋणाग्राचा कोपरा दुमडला जात होता. एवढ्या बारीक दुमडीने हा अनर्थ केला. आता मरोद्याच्या मैदानावर झाडाला आपटून खाली पडलेल्या ड्रोनमधल्या बॅटरीचा विचार करावा. कोपरा चेपलेला असतो, विद्यार्थी तो बोटाने सरळ करतो आणि संध्याकाळी तीच बॅटरी चार्जिंगला लावतो.

अशी बॅटरी बिघडली तर नेमके किती बिघडते? ११.१ व्होल्ट आणि २.२ अँपिअर-तास यांचा गुणाकार साधारण २४.४ वॉट-तास, म्हणजे सुमारे ८८ किलोज्यूल. पाव लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ही ऊर्जा आहे, फक्त ती मुठीत मावणाऱ्या वस्तूत, काही सेकंदांत मोकळी होते. आत कुठे तरी धन आणि ऋण बाजू भिडल्या की जागा तापते. शंभर अंशांच्या अलीकडे-पलीकडे ऋणाग्रावरचे संरक्षक पापुद्रे विघटू लागतात, १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो, आणखी वर धनाग्र ऑक्सिजन सोडते. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उष्णता पुरवते. बाहेरची हवा बंद केली तरी ही साखळी थांबत नाही, कारण जाळायला लागणारा ऑक्सिजन घरचाच आहे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. म्हणूनच ‘चादर टाकून विझवू’ हा विचार इथे कामाचा नाही. आधी मुख्य वीज तोडणे, माणसांनी खोलीबाहेर पडणे, आणि शक्य असल्यास दुरून भरपूर पाण्याने थंड करणे हाच मार्ग. लहान बॅटरी असेल तर वाळूची बादली उपयोगी पडते, ती आग रोखून धरते, पण आतली उष्णता ओढून घेत नाही.

राखणदाराचे काम कसे चालते ते पाहिले की चांगला-वाईट चार्जर ओळखता येतो. लिपोचे चार्जिंग दोन टप्प्यांत होते. आधी प्रवाह स्थिर ठेवायचा आणि दाब चढू द्यायचा. दाब ४.२ ला पोचला की तो तिथेच धरायचा आणि प्रवाह आपोआप ओसरू द्यायचा. तो मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आला की काम बंद. प्रवाह किती ठेवायचा? बॅटरीवर वेगळे काही छापलेले नसेल तर क्षमतेच्या आकड्याइतकाच. २२०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला २.२ अँपिअर. घाई असणाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो, पण कमी प्रवाहाने बॅटरी बिघडल्याचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

गुंतागुंत सुरू होते ती सेल एकाहून अधिक असल्यावर. तीन सेलांच्या पॅकचा पूर्ण दाब १२.६ व्होल्ट. एखाद्या चार्जरने फक्त हा एकूण आकडा पाहिला तर काय होईल? एक सेल ४.३५ वर, दुसरा ४.१५ वर, तिसरा ४.१० वर. बेरीज बरोबर १२.६०. चार्जरच्या लेखी सारे आलबेल, आणि पहिला सेल मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. सरासरीने फसवणूक होते याचे इतके स्वच्छ उदाहरण संख्याशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित मिळेल. यासाठीच पॅकला जाड तारांखेरीज पांढऱ्या खोबणीची बारीक तारांची जुडी असते. तीन सेलांना चार तारा, चार सेलांना पाच. या तारांतून प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्र मोजायचा आणि जो पुढे पळतो त्याला थोडे मागे खेचायचे, याला बॅलन्सिंग म्हणतात. बॅलन्स तारा न जोडता लिपो चार्ज करण्याची सोय काही चार्जर देतात. ती सोय वापरू नये, आणि ज्या चार्जरला बॅलन्स खोबणीच नाही तो एकाहून अधिक सेलांच्या लिपोसाठी विकतच घेऊ नये. या मुद्द्यावर तडजोडीला जागा नाही.

मग ते तीन दिव्यांचे, बाजारात ‘बी-३’ या धाटणीने ओळखले जाणारे स्वस्त चार्जर? त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. कल्पना वाईट नाही. बॅलन्स खोबणीतूनच प्रत्येक सेलला वेगवेगळे, तेही संथ गतीने भरायचे. प्रवाह साधारण एक अँपिअरच्या आत असल्याने बॅटरी तापत नाही. अडचण अशी की हा राखणदार मुका आहे. तांबडा दिवा हिरवा झाला एवढेच तो सांगतो. सेलचा दाब ४.१८ आहे की ४.२८ हे दाखवायला पडदा नाही, ठरावीक वेळेनंतर थांबणारे घड्याळ नाही, साठवणुकीच्या दाबावर आणून ठेवण्याची सोय नाही. चांगल्या कारखान्यातला नग आणि मागच्या गल्लीतली त्याची नक्कल बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात, आणि आतल्या मंडलाने पक्षपात केला तर ते कळण्याचा मार्ग नाही. दोन-तीन सेलांची लहान बॅटरी, समोर बसलेला माणूस आणि हातात मल्टिमीटर असेल तर तो चालून जाईल. रात्रभर भरवसा टाकावा असा तो नाही.

त्याच्या वरची पायरी पडदा असलेल्या, सूक्ष्मनियंत्रकावर चालणाऱ्या चार्जरची. स्कायआरसी कंपनीचा आयमॅक्स बी-६ हा या वर्गातला जुनाजाणता नमुना. त्याच्या नकला इतक्या झाल्या की कंपनीला अस्सलपणा पडताळण्यासाठी खास लेबल लावावे लागले. या वर्गातल्या यंत्रात सेलांची संख्या तपासणे, प्रत्येक सेलचा दाब दाखवणे, वेळेची आणि भरलेल्या मिलिअँपिअर-तासांची कमाल मर्यादा घालणे, साठवणुकीचा पर्याय, आणि काहींत तापमानाचा संवेदक असतो. खरेदीत पाहायचे ते हेच. किती अँपिअर, किती वॉट याच्या जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही. तसेही ‘५ अँपिअर, ५० वॉट’ याचा अर्थ दोन्हींपैकी जी मर्यादा आधी लागेल ती. सहा सेलांच्या २५ व्होल्टच्या बॅटरीला पन्नास वॉटचा चार्जर दोनच अँपिअर देऊ शकतो.

नक्कल असो वा अस्सल, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी एक परीक्षा प्रत्येक चार्जरची घ्यावी. चार्जिंग पूर्ण झाल्यावर पडद्यावरचे प्रत्येक सेलचे आकडे लिहून घ्यावेत आणि विश्वासू मल्टिमीटरने बॅलन्स तारांवर तेच पुन्हा मोजावेत. चार दशांश दोनच्या एक टक्का म्हणजे ४२ मिलिव्होल्ट. फरक त्याहून मोठा असेल आणि तोही वरच्या बाजूला असेल, तर तो चार्जर निवृत्त करावा किंवा त्याचे अंशशोधन करून घ्यावे. प्रयोगशाळेत ओहमचा नियम पडताळण्यासाठी जेवढी चिकाटी लागते, तिच्या निम्म्यानेही हे काम होते.

चार्जरच्या मागे उभा असतो अडॅप्टर, आणि त्याच्याकडे तर कुणाचेच लक्ष नसते. पन्नास वॉटच्या चार्जरला, त्याची स्वतःची गळती धरून, साठ-बासष्ट वॉटचा पुरवठा लागतो, म्हणजे १२ व्होल्ट आणि ५ अँपिअर. त्याच्या जागी घरातल्या राउटरचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर लावला जातो, कारण पिन बसते. पिन बसली म्हणजे जोडी जमली असे नाही. अतिभाराने तापलेला निनावी अडॅप्टर स्वतःच पेटू शकतो, किंवा त्याच्या आतली मुख्य विजेपासूनची विभागणी ढासळून हौशी विमानाच्या तारेत २३० व्होल्टची ओढ येऊ शकते. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेला अडॅप्टर घेणे इथे अगदीच स्वस्त शहाणपण आहे.

एवढे करूनही माणूस चुकतो. चुका कोणत्या, हेही या क्षेत्रात ठाऊक आहे. निकेल-मेटल हायड्राइडचा पर्याय निवडून लिपो जोडली तर चार्जर दाब किंचित घसरण्याची वाट पाहत बसतो. निकेल बॅटरी भरल्यावर तशी घसरण देते. लिपो ती देत नाही, ती पेटते. ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येणाऱ्या खास ‘एचव्ही’ सेलांचा पर्याय नेहमीच्या लिपोला लावणे ही त्याच जातीची चूक. दोन बॅटऱ्या एका फळीवर समांतर जोडून वेळ वाचवण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. एक भरलेली, १२.६ व्होल्टची, दुसरी अर्धवट भरलेली, ११.४ ची, आणि दोन्हींचा मिळून आंतरिक रोध ६० मिलिओहम धरला, तर जोडल्याक्षणी एकीतून दुसरीत वीस अँपिअर धावतात. चार्जर तेव्हा चालूही नसतो. त्याला हे दिसतही नाही. नवशिक्याने समांतर फळी घेऊच नये. जाड तारेच्या उघड्या पिना आधी चार्जरमध्ये खोचाव्यात आणि मगच बॅटरी जोडावी, ही गोष्ट फार छोटी वाटते. क्रम उलटला आणि त्या दोन पिना टेबलावर एकमेकींना टेकल्या की ती छोटी राहत नाही. आणि फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू साठलेली बॅटरी. तिला कोणताही चार्जर लावू नये.

घरात रात्रभर चालणाऱ्या चार्जिंगची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरी इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून खोलीत चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली होती, एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या स्कूटरींना आग लागली होती. स्कूटरची बॅटरी हौशी लिपोपेक्षा कितीतरी मोठी, तिची रचनाही निराळी, आणि तिच्यात व्यवस्थापनाचे मंडल असते. तरीही हे घडले. त्यानंतर केंद्र सरकारने दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे मानक कडक केले आणि सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केल्या. मोबाइल आणि तत्सम उपकरणांतल्या सेलांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. पण मानक एका वस्तूची परीक्षा घेते. एका दुकानातून घेतलेला उघडा पॅक, दुसऱ्या दुकानातला चार्जर आणि राउटरचा अडॅप्टर हे त्रिकूट वसतिगृहाच्या खोलीत पहिल्यांदाच एकत्र येते. त्यांची परीक्षा तिथेच, गादीशेजारी होते.

यावर संस्थांचे ठरलेले उत्तर म्हणजे बंदी. वसतिगृहात बॅटरी चार्ज करू नये, अशी सूचना फलकावर लावली की जबाबदारी संपली. प्रत्यक्षात बंदीने चार्जिंग थांबत नाही, ते पलंगाखाली जाते. दिवसा पकडले जाण्याची भीती म्हणून ते रात्री होते, कुणी पाहू नये म्हणून कपड्यांच्या ढिगाआड होते, आणि समोर कुणी जागा नसतो. सुरक्षिततेच्या नावाने काढलेला नियम सर्वांत धोकादायक वेळ, सर्वांत धोकादायक जागा आणि गैरहजर राखणदार या तिन्हींची व्यवस्था करून देतो. याउलट विद्यार्थ्याच्या खिशाला न परवडणारा उत्तम चार्जर संस्थेला सहज परवडतो. वीस विद्यार्थ्यांनी घेतलेल्या वीस स्वस्त चार्जरांच्या पैशांत खात्रीचे दोन-तीन चार्जर आणि एक चांगला वीजपुरवठा येतो. कार्यशाळेच्या कोपऱ्यात काँक्रीटचा ओटा, वर धूर जाण्यास वाट, शेजारी वाळूच्या बादल्या, हाताशी मुख्य स्विच, आणि एक वही. वहीत तारीख, बॅटरीचा क्रमांक, सुरुवातीचे आणि शेवटचे दाब, आंतरिक रोध. सत्र संपेपर्यंत ती वही एखाद्या लघुप्रबंधाइतकी माहिती गोळा करून देईल. कोणता पॅक म्हातारा होत चालला आहे हे तो फुगण्याच्या आधीच तिच्यात दिसेल.

भिलाईत हे सांगावे लागावे याचे थोडे आश्चर्य वाटते. हे गाव ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटल्यापासून उष्णता आणि वायू यांच्या सोबतीने जगते आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर काम सुरू असताना लागलेल्या आगीत दहाहून अधिक कामगारांचे प्राण गेले. कामाआधी लेखी परवानगी, कुलूप लावलेला स्विच, वायू मोजूनच आत पाऊल, ही भाषा इथल्या शेकडो घरांत जेवणाच्या ताटावरही ऐकू येते. त्याच घरात देवघराशेजारच्या सॉकेटला, प्लॅस्टिकच्या डब्यावर ठेवलेली लिपो रात्रभर लागलेली असते. मोठा धोका ओळखणाऱ्या डोळ्यांना लहान धोका दिसत नाही, कारण त्याचा आकार खेळण्याचा आहे.

हा प्रश्न खेळण्यापुरता राहिलेलाही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी दिली. पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीची ड्रोन देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. अशा ड्रोनच्या सहा सेलांच्या, १६,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला नेमून दिलेल्या गतीने भरायचे तर सोळा अँपिअर, म्हणजे चारशे वॉटचा चार्जर लागतो, आणि फवारणीच्या हंगामात तो दिवसभर चालू राहतो. आज वसतिगृहात मिळालेली सवय घेऊन हेच विद्यार्थी उद्या ती यंत्रे दुरुस्त करायला आणि गटातल्या बायांना शिकवायला खेड्यांत जाणार आहेत.

आणि मग येतो उन्हाळा. लिथियम सेलांच्या माहितीपत्रकात चार्जिंगच्या तापमानाची मर्यादा सहसा शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. ही पत्रके लिहिणाऱ्यांना वरची मर्यादा दूरची वाटत असावी. मरोद्यात मे महिन्याच्या दुपारी हवेचाच पारा पंचेचाळीसच्या आसपास पोचतो, पत्र्याखालच्या खोलीत किंवा उभ्या मोटारीत तर त्याहूनही वर जातो. म्हणजे चार्जर सुरू होण्याआधीच बॅटरी मर्यादेवर येऊन उभी असते. त्यात ती नुकतीच उडून आलेली, हाताला चटका देणारी असेल तर काही विचारायलाच नको. इथल्या उड्डाणवेड्यांनी म्हणून घड्याळ उलटे लावावे. भल्या पहाटे, जलाशयावरून थोडा गारवा येत असताना, व्हरांड्याच्या उघड्या फरशीवर, शेजारी बसून चार्जिंग करावे, लगेच उडवावे, आणि उतरल्यावर बॅटरी सावलीत निवू द्यावी. दुपारी तिला हात लावू नये. संध्याकाळी सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, धातूच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता ठेवून द्यावी. सुटीत गावी जाताना ती पूर्ण भरलेली तर अजिबात सोडू नये, कारण बंद क्वार्टरच्या आत जून उजाडेपर्यंत पंखा लावणारेही कुणी नसते.